वेळ आणि क्रम दाखवणारी इंग्रजी क्रियाविशेषणं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मराठी माध्यमातून शिकून पुढे इंग्रजीत काम करावं लागणाऱ्यांना टेन्स बऱ्यापैकी जमतात. अडतं ते 'आधी', 'नंतर', 'अजून', 'आत्ताच', 'शेवटी' या रोजच्या शब्दांपाशी. मराठीतल्या अशा एकेका शब्दासाठी इंग्रजीत तीन-चार शब्द असतात. त्यातला कुठला घ्यायचा, हे बोलणारा काळाच्या कोणत्या ठिकाणी उभा राहून कुठे बघतोय त्यावर ठरतं. खालच्या बहुतेक उत्तरांत हेच पुन्हा पुन्हा येईल. इंग्रजी वाक्यं देवनागरीत दिली आहेत; ती मोठ्यानं वाचावीत. हे शब्द आधी कानात बसले की लिहिताना आठवावे लागत नाहीत.

कालवाचक क्रियाविशेषणं म्हणजे नेमके कुठले शब्द?

शाळेत मराठी व्याकरणात तीन प्रकार शिकवतात: कालदर्शक (आज, काल, आता), सातत्यदर्शक (नेहमी, सतत, सदा) आणि आवृत्तिदर्शक (वारंवार, पुन्हा पुन्हा, दररोज). इंग्रजीतही हीच विभागणी चालते. 'नाऊ', 'यस्टरडे', 'सून' हे पहिल्यात, 'ऑलवेज' दुसऱ्यात, 'ऑफन', 'ट्वाइस', 'डेली' तिसऱ्यात. त्याशिवाय घटनांचा क्रम सांगणारे 'फर्स्ट', 'देन', 'नेक्स्ट', 'लेटर', 'फायनली' आहेत. 'सिन्स', 'फॉर', 'बाय', 'अंटिल' हे काटेकोरपणे पाहिलं तर बहुतेक वेळा शब्दयोगी किंवा उभयान्वयी अव्ययं ठरतात. पण चुका त्यांच्याही त्याच जातीच्या होतात, म्हणून तेही इथे घेतले आहेत.

'दोन वर्षांपूर्वी' म्हणजे 'बिफोर टू इयर्स' का नाही?

कारण 'दोन वर्षांपूर्वी' म्हणताना आपण आजपासून मागे मोजतो, आणि आजपासून मागे मोजायला इंग्रजीत एकच शब्द आहे: 'अगो'. 'आय केम टू पुणे टू इयर्स अगो.' इथे शब्दांचा क्रम मराठीसारखाच आहे हे लक्षात घ्या. दोन, वर्षं, पूर्वी. टू, इयर्स, अगो. आकडा आधी आणि 'पूर्वी' नंतर. 'बिफोर' पुढे आणलं की मराठीचाही क्रम मोडतो आणि इंग्रजीचाही.

'बिफोर' कधी येतं? मोजणी आजपासून नसून भूतकाळातल्या दुसऱ्या एखाद्या क्षणापासून असेल तेव्हा. 'आय मूव्ह्ड टू पुणे इन २०१९. आय हॅड लेफ्ट माय ओल्ड जॉब टू इयर्स बिफोर.' नोकरी सोडली २०१७ मध्ये, म्हणजे पुण्याला येण्याच्या दोन वर्षं आधी. आजचा इथे काही संबंध नाही. याच जागी 'टू इयर्स अर्लिअर' हेही चालतं आणि लिखाणात ते जास्त सहज वाटतं. मराठीत दोन्हीकडे 'आधी' किंवा 'पूर्वी' म्हटलं की भागतं, कारण कुठपासून मोजायचं ते ऐकणारा संदर्भावरून समजून घेतो. इंग्रजीत ते शब्दातच सांगावं लागतं.

आपल्याकडे सर्रास ऐकू येणारं 'लाँग बॅक' भारतात सगळ्यांना कळतं, पण बाहेरच्या माणसाशी बोलताना किंवा परीक्षेत 'लाँग अगो' किंवा 'अ लाँग टाइम अगो' म्हणावं.

'आय हॅव मेट हिम यस्टरडे' यात काय चुकलं?

मराठीत 'मी त्याला काल भेटलो आहे' हे वाक्य बिनचूक आहे, म्हणून कानाला काही खटकत नाही. इंग्रजीत 'हॅव मेट' म्हणताना बोलणारा आजच्या क्षणात उभा राहून मागच्या गोष्टीचा आजशी धागा जोडत असतो. 'यस्टरडे', 'लास्ट वीक', 'इन २०१८', 'टेन मिनिट्स अगो' हे शब्द त्या गोष्टीला एका संपलेल्या वेळेत बंद करतात. एकाच वाक्यात दोन्ही करता येत नाही. म्हणून 'आय मेट हिम यस्टरडे', किंवा वेळ न सांगता नुसतं 'आय हॅव मेट हिम'.

'टुडे', 'धिस वीक', 'सो फार', 'एव्हर', 'नेव्हर', 'जस्ट', 'येट' यांची मात्र 'हॅव'शी मैत्री आहे, कारण त्यांची वेळ अजून चालू असते किंवा आजला येऊन टेकते. 'धिस मॉर्निंग'चं उदाहरण बघण्यासारखं आहे. सकाळी दहाला म्हणाल, 'आय हॅव हॅड टू कप्स ऑफ टी धिस मॉर्निंग.' दुपारी चारला तीच गोष्ट सांगायची तर 'आय हॅड टू कप्स ऑफ टी धिस मॉर्निंग.' चहा तोच, सकाळही तीच. पण तोवर सकाळ संपलेली आहे.

'सिन्स' आणि 'फॉर' यातला फरक कायमचा लक्षात कसा ठेवायचा?

'पॉइंट ऑफ टाइमला सिन्स, पिरियड ऑफ टाइमला फॉर' हा नियम सगळ्यांना पाठ असतो. तरी मुलाखतीत 'आय अ‍ॅम वर्किंग हिअर सिन्स थ्री इयर्स' असंच तोंडातून निघतं. दोष आपल्या 'पासून'चा. 'तीन वर्षांपासून' आणि '२०१५ पासून' या दोन्हींना आपण एकच शब्दयोगी अव्यय लावतो.

मराठी वाक्यावरूनच निकाल लावता येतो. वाक्यातलं 'पासून' काढून टाका. 'मी तीन वर्षांपासून इथे काम करतोय' याचं 'मी तीन वर्षं इथे काम करतोय' झालं. वाक्य उभं राहिलं, म्हणून 'फॉर'. 'मी २०१५ पासून इथे काम करतोय' यातलं 'पासून' काढलं तर 'मी २०१५ इथे काम करतोय' असं काहीतरी होतं. वाक्य कोसळलं, म्हणून 'सिन्स'. 'लहानपणापासून', 'कालपासून', 'लग्न झाल्यापासून', 'दिवाळीपासून' यांतलं 'पासून' काढून अर्थ टिकत नाही, म्हणजे 'सिन्स'. 'कितीतरी दिवसांपासून', 'बऱ्याच वेळापासून' यांचं 'कितीतरी दिवस', 'बराच वेळ' होतं, म्हणजे 'फॉर'.

त्या मुलाखतीच्या वाक्यात दुसरीही चूक आहे. मराठीत 'करतोय' हा वर्तमानकाळ पुरतो. इंग्रजीत काम मागे सुरू होऊन आजपर्यंत आलंय हे क्रियापदातही दिसावं लागतं: 'आय हॅव बीन वर्किंग हिअर फॉर थ्री इयर्स.' या दोन चुका बहुतेक वेळा जोडीनं येतात, म्हणून दुरुस्तीही जोडीनंच करावी.

'कधीपासून?' असं विचारायला 'सिन्स व्हेन?' चालेल का?

व्याकरणानं चालेल, पण सुरात घोटाळा होतो. 'सिन्स व्हेन डू यू ड्रिंक कॉफी?' याचा सूर 'तू कधीपासून कॉफी प्यायला लागलास रे?' असा असतो. त्यात आश्चर्य किंवा टोमणा असतो. साधी चौकशी करायची असेल तर 'हाऊ लाँग हॅव यू बीन लिव्हिंग हिअर?' म्हणावं. अनोळखी माणसाशी किंवा वरिष्ठांशी बोलताना तर नक्कीच.

'अजून' म्हणजे 'स्टिल' की 'येट'?

दोन्ही. शिवाय 'अजून एक पोळी घ्या' मधलं 'अजून' म्हणजे 'वन मोर', ते तिसरंच.

'तो अजून झोपलाय': एखादी गोष्ट चालू होती आणि चालूच आहे. 'ही इज स्टिल अस्लीप.' 'तो अजून आला नाही': एक गोष्ट व्हायची आहे, आपण तिची वाट बघतोय आणि ती झालेली नाही. 'ही हॅज नॉट कम येट.' म्हणजे 'स्टिल' मागून चालत आलेल्या गोष्टीकडे बघतं आणि 'येट' पुढे व्हायच्या गोष्टीकडे. जागाही वेगळ्या. 'स्टिल' मुख्य क्रियापदाच्या आधी किंवा 'इज'च्या नंतर येतं. 'येट' सहसा वाक्याच्या शेवटी.

मग नकारार्थी वाक्यात 'स्टिल' येतच नाही का? येतं, आणि तिथे ते जपून वापरावं. 'आय हॅव नॉट रिसीव्ह्ड द पेमेंट येट' म्हणजे पैसे अजून आलेले नाहीत, एवढंच. 'आय स्टिल हॅव नॉट रिसीव्ह्ड द पेमेंट' म्हणजे 'अजूनही आलेले नाहीत', आता पुरे झालं. मराठीत 'अजून' आणि 'अजूनही' यात जो फरक आहे तोच हा. पहिल्या मेलमध्ये 'येट' लिहा; तिसऱ्या स्मरणपत्रात 'स्टिल' लिहायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. नकारात 'स्टिल' हे 'हॅव नॉट'च्या आधी येतं, मध्ये नाही.

याचीच उलटी बाजू म्हणजे 'एनीमोर'. 'तो आता इथे राहत नाही' याचं 'नाऊ ही इज नॉट लिव्हिंग हिअर' असं भाषांतर केलं तर अर्थ पोचतो, पण आधी राहत होता हे त्यातून नीट येत नाही. 'ही डझ नॉट लिव्ह हिअर एनीमोर' म्हटलं की ते आपोआप येतं. पत्रात किंवा औपचारिक लिखाणात 'ही नो लाँगर लिव्हज हिअर'.

'हॅव यू ईटन येट?' आणि 'हॅव यू ऑलरेडी ईटन?' यात फरक काय?

पहिलं म्हणजे 'जेवलास का?'. दुसरं म्हणजे 'जेवलाससुद्धा?' किंवा 'एवढ्यात जेवलास?'. 'ऑलरेडी'मध्ये अपेक्षेपेक्षा लवकर झाल्याचा भाव असतो. पाहुण्याला आपुलकीनं विचारायचं असेल तर 'येट' बरं. 'ऑलरेडी'नं तो उगाच ओशाळेल.

'आय ऑलरेडी टोल्ड यू' हे अमेरिकी बोलण्यात नेहमीचं आहे. ब्रिटिश वळणाच्या इंग्रजीत 'आय हॅव ऑलरेडी टोल्ड यू' अपेक्षित असतं. आपली पाठ्यपुस्तकं ब्रिटिश वळणाची, त्यामुळे परीक्षेत 'हॅव' लावलेलं सुरक्षित.

'आत्ताच' कसं सांगायचं? 'नाऊ ओन्ली' चूक आहे का?

'आत्ताच आलो' म्हणजे 'आय हॅव जस्ट अराइव्ह्ड'. 'आत्ताच्या आत्ता ये' म्हणजे 'कम राइट नाऊ'. पहिल्यात नजर नुकत्याच होऊन गेलेल्या क्षणाकडे आहे, दुसऱ्यात चालू क्षणाकडे. 'नाऊ ओन्ली' आणि 'टुडे इटसेल्फ' ही आपल्या 'च'ची भाषांतरं आहेत. 'च' हे मराठीचं फार गुणी अव्यय आहे, पण इंग्रजीत त्याचं काम शब्द करत नाही, आवाजाचा जोर करतो. 'आय नीड इट टुडे' यात 'टुडे'वर जोर द्या, 'आजच' झालं. लेखी मजकुरात 'बाय द एंड ऑफ द डे' अशी स्पष्ट मुदत घालता येते.

'जस्ट नाऊ' सांभाळून वापरावं. आपल्याकडे आणि ब्रिटनमध्ये 'आय सॉ हिम जस्ट नाऊ' म्हणजे क्षणभरापूर्वी पाहिलं. दक्षिण आफ्रिकेत मात्र 'आय विल डू इट जस्ट नाऊ' म्हणजे थोड्या वेळानं, सवडीनं करतो.

'दोन दिवसांनी येतो' याचं 'आय विल कम आफ्टर टू डेज' बरोबर आहे का?

समोरच्याला कळेल, पण आजपासून पुढे मोजायला इंग्रजी 'इन' वापरतं: 'आय विल कम इन टू डेज.' मराठी माणसाला हे पटकन पटत नाही, कारण 'इन' ऐकलं की आपल्याला 'दोन दिवसांत' ऐकू येतं. आणि खरंच, 'दोन दिवसांत काम संपवतो' यालाही 'आय विल फिनिश इट इन टू डेज' हेच येतं. मराठी इथे जास्त काटेकोर आहे: 'दिवसांनी' आणि 'दिवसांत' हे तिनं वेगळे ठेवले, इंग्रजीनं एकात बसवले. मुदतीच्या आतच, हे ठासून सांगायचं असेल तर 'विदिन टू डेज' म्हणावं. दोन दिवस संपल्यावरच, असं सांगायचं असेल तर 'इन टू डेज टाइम'. या वाक्यरचनेत 'डेज'नंतर 'टाइम' आला की दुसरा अर्थ उरत नाही.

भूतकाळातल्या गोष्टीत मात्र 'आफ्टर टू डेज' आणि 'टू डेज लेटर' दोन्ही ठीक: 'ही लेफ्ट ऑन मंडे अँड केम बॅक टू डेज लेटर.' इथे मोजणी सोमवारपासून आहे, आजपासून नाही. आकड्यासह 'लेटर' नेहमी असं दुसऱ्या एखाद्या क्षणाला धरून येतं. म्हणून 'आय विल कॉल यू टू डेज लेटर' विचित्र वाटतं, पण आकडा नसलेलं 'आय विल कॉल यू लेटर' अगदी बरोबर. 'आय विल कॉल यू आफ्टर' मात्र अर्धवट लटकतं. 'आफ्टर'ला पुढे काहीतरी लागतं, 'आफ्टर लंच', 'आफ्टर द मीटिंग'. तसं काही जोडायचं नसेल तर 'लेटर' किंवा 'आफ्टरवर्ड्स'.

'सोमवारपर्यंत': 'बाय मंडे' की 'अंटिल मंडे'?

'सोमवारपर्यंत इथे राहीन' आणि 'सोमवारपर्यंत अहवाल पाठवीन'. पहिल्यात क्रिया सोमवार येईपर्यंत चालू राहणार आहे: 'आय विल स्टे हिअर अंटिल मंडे.' दुसऱ्यात क्रिया एकदाच होणार, सोमवार ही तिची शेवटची मर्यादा: 'आय विल सेंड द रिपोर्ट बाय मंडे.' 'आय विल सेंड द रिपोर्ट टिल मंडे' असं लिहिलंत, तर इंग्रजी वाचणाऱ्याला वाटेल की हा माणूस सोमवारपर्यंत अहवाल पाठवतच राहणार आहे. 'टिल' आणि 'अंटिल' यांचा अर्थ एकच. 'टिल' बोलण्यात जास्त.

'अंटिल ही डझ नॉट कम' असं लिहिलं की शिक्षक लाल रेघ का मारतात?

कारण त्यातला 'नॉट' मराठीतून आला आहे. 'जोपर्यंत तो येत नाही, तोपर्यंत मी जाणार नाही' यात आपण दोन्हीकडे नकार वापरतो. इंग्रजी 'अंटिल'च्या पोटातच तो नकार आहे, म्हणून 'आय विल नॉट गो अंटिल ही कम्स.' मराठीतही नकाराशिवायची रचना आहेच: 'तो येईपर्यंत मी जाणार नाही.' इंग्रजी वाक्य करण्याआधी मनातलं वाक्य असं 'येईपर्यंत', 'होईपर्यंत', 'मिळेपर्यंत'मध्ये फिरवून घ्या. 'नॉट' गळून पडेल. हा सगळ्यात भरवशाचा उपाय आहे.

'तो आला की सांगतो' यात 'ॲज सून ॲज ही विल कम' का नको?

येणं पुढे व्हायचं आहे, मग 'विल' हवं, असं वाटणं साहजिक आहे. पण मराठीकडे बघा: 'आला की' यात आपणही भविष्यकाळ वापरत नाही, चक्क भूतकाळाचं रूप वापरतो! इंग्रजी त्या जागी साधा वर्तमान वापरतं: 'आय विल टेल यू ॲज सून ॲज ही कम्स.' 'व्हेन', 'बिफोर', 'आफ्टर', 'अंटिल', 'वन्स' या सगळ्यांच्या पाठोपाठ येणाऱ्या वाक्यात हेच. 'विल' फक्त मुख्य वाक्यात, एकदाच.

'नो सूनर... दॅन' परीक्षेबाहेर कुणी वापरतं का?

बारावीच्या इंग्रजीत 'ॲज सून ॲज'चं वाक्य 'नो सूनर... दॅन' करा, असा प्रश्न पिढ्यान्पिढ्या विचारला जातो. रोजच्या बोलण्यात ही रचना क्वचितच ऐकू येते. कथा-कादंबऱ्यांत, वृत्तपत्रांत भेटते. तरी ती समजून घेण्यासारखी आहे, कारण तिच्यामागचा नियम बराच लांबपर्यंत पोचतो.

'ॲज सून ॲज द बेल रँग, द चिल्ड्रन रॅन आउट.' याचं 'नो सूनर डिड द बेल रिंग दॅन द चिल्ड्रन रॅन आउट.' नकारात्मक अर्थाचं क्रियाविशेषण वाक्याच्या तोंडाशी आलं की साहाय्यक क्रियापद कर्त्याच्या आधी उडी मारतं, प्रश्नार्थक वाक्यात असतं तसं. 'डिड' आलं म्हणून 'रँग'चं पुन्हा 'रिंग' झालं. गुण जातात ते बहुधा इथेच. 'हॅड' घेतलं तर 'नो सूनर हॅड द बेल रंग दॅन...'. 'हार्डली हॅड द बेल रंग व्हेन...' हीसुद्धा तीच गत, फक्त जोडशब्द 'व्हेन'. 'नेव्हर हॅव आय सीन सच रेन' यातही तोच नियम आहे. हा एक नियम कळला की चार वेगळे प्रकार पाठ करावे लागत नाहीत.

इथला जोडशब्द 'दॅन' आहे, 'मग' या अर्थाचा 'देन' नाही. 'सूनर' म्हणजे 'अधिक लवकर'; तुलना आली की 'दॅन'.

'फर्स्ट', 'अॅट फर्स्ट' आणि 'फर्स्टली' यांत काय फरक?

'फर्स्ट' म्हणजे क्रमानं पहिल्यांदा: 'फर्स्ट, वॉश द राइस.' 'अॅट फर्स्ट' म्हणजे सुरुवातीला, आणि पुढे ते बदललं: 'अॅट फर्स्ट आय डिड नॉट लाइक द सिटी.' हे ऐकल्यावर समोरचा 'बट' येण्याची वाट बघतो. नंतर काहीच बदललं नसेल तर 'अॅट फर्स्ट' वापरू नये. 'फर्स्टली' मुद्दे मांडताना: 'फर्स्टली, द कॉस्ट इज टू हाय. सेकंडली...' कृतीच्या पायऱ्या सांगताना 'फर्स्टली' अवघडल्यासारखं वाटतं. मुद्द्यांमध्येही 'फर्स्ट, सेकंड, थर्ड' चालतंच, आणि माझ्या मते तेच जास्त स्वच्छ वाचलं जातं.

'शेवटी'साठी एवढे शब्द का?

कारण 'शेवटी'मध्ये आपण बरंच काही भरतो. सुटकेचा निःश्वास, यादीतला शेवटचा मुद्दा, बऱ्याच खटपटीनंतरचा निकाल, नुसती जागा.

'शेवटी एकदाची बस आली!' यात सुटका आहे: 'अॅट लास्ट द बस केम!' 'शेवटी, सर्वांचे आभार' हा यादीतला अखेरचा मुद्दा: 'लास्टली' किंवा 'फायनली'. इथे 'अॅट लास्ट' म्हटलं तर भाषण संपल्याचा आनंद झाल्यासारखं वाटेल. 'खूप विचार केला आणि शेवटी गेलोच नाही' हा निकाल: 'इन द एंड, वी डिड नॉट गो.' 'सिनेमाच्या शेवटी तो मरतो' ही जागा: 'अॅट द एंड ऑफ द फिल्म.' 'इन द एंड'ला पुढे 'ऑफ' जोडता येत नाही, 'अॅट द एंड'ला सहसा तो लागतो. 'इव्हेंच्युअली' म्हणजे बराच काळ गेल्यावर, मध्ये अडचणी येऊन का होईना: 'शी इव्हेंच्युअली पास्ड द एक्झाम.' 'फायनली' सुटका आणि यादी या दोन्हींत चालतं, म्हणून नक्की सुचत नसेल तेव्हा तेच घ्यावं.

'परत'चं काय करायचं?

'परत ये' म्हणजे 'कम बॅक'ही आणि 'कम अगेन'ही. घरी गेलेल्या माणसानं इकडे वळावं, हे 'बॅक'. आलेल्या पाहुण्यानं आणखी एकदा यावं, हे 'अगेन'. 'रिटर्न बॅक', 'रिपीट अगेन' असं मात्र लिहू नये. 'रिटर्न'मध्ये 'बॅक' आणि 'रिपीट'मध्ये 'अगेन' आधीच आहे.

वाक्यात हे शब्द कुठे ठेवायचे?

मराठीत वेळ सहसा आधी येते: 'मी रोज सकाळी सहाला उठतो.' इंग्रजीत ठरावीक वेळ शेवटी जाते: 'आय गेट अप अॅट सिक्स एव्हरी मॉर्निंग.' जोर द्यायचा असेल तर सुरुवातीला आणता येते, पण मध्ये कोंबता येत नाही. 'आय एव्हरी मॉर्निंग गेट अप' हे मराठी क्रमाचं इंग्रजी. 'ऑलवेज', 'ऑफन', 'युज्वली', 'नेव्हर' यांची जागा मात्र मध्येच: मुख्य क्रियापदाच्या आधी ('शी ऑफन कॉल्स'), 'इज-आर'नंतर ('शी इज ऑफन लेट'), आणि दोन क्रियापदं असतील तर त्यांच्यामध्ये ('शी हॅज ऑफन कॉल्ड').

प्रसंग किंवा कृती लिहिताना सारखं 'देन... देन... देन' होतं. काय करावं?

'मग' मराठीत खपतो. गोष्ट सांगताना 'मग काय झालं', 'मग तो म्हणाला' असं आपण कितीदा तरी म्हणतो आणि कुणाला खटकत नाही. इंग्रजी लिखाणात 'देन' दोनदा सलग आलं की कंटाळवाणं होतं. पण त्याच्या जागी नुसतं 'आफ्टर दॅट', 'नेक्स्ट' आलटून पालटून टाकण्यानं फारसं साधत नाही. दोन कृतींचं एकमेकींशी नातं काय, ते बघा. कांदेपोह्यांची कृती घ्या.

'रिन्स द पोहे अँड लेट देम ड्रेन. मीनव्हाइल, हीट द ऑइल. वन्स द मस्टर्ड सीड्स पॉप, ॲड द अनियन्स. कुक अंटिल दे टर्न सॉफ्ट, देन ॲड टर्मरिक. बाय नाऊ द पोहे विल बी सॉफ्ट टू. मिक्स देम इन, कव्हर अँड स्टीम फॉर अ फ्यू मिनिट्स. फायनली, ॲड कोकोनट अँड कोरिअँडर.'

यात 'देन' एकदाच आला. पोहे निथळतात 'तोवर' तेल तापतं, म्हणून 'मीनव्हाइल'. मोहरी तडतडली 'की' कांदा, म्हणून 'वन्स'. कांदा मऊ 'होईपर्यंत', म्हणून 'अंटिल'. 'एव्हाना' पोहेही मऊ झालेले, म्हणून 'बाय नाऊ'. हे सगळे शब्द मराठीत आपण स्वयंपाकघरात रोज बोलतो. लिहिण्याआधी कृती एकदा मराठीत तोंडानं सांगून बघा आणि जिथे 'तोवर', 'की', 'एव्हाना' आलं तिथे तशाच नात्याचा इंग्रजी शब्द घ्या.

इनडायरेक्ट स्पीचमध्ये 'टुमॉरो'चं 'द नेक्स्ट डे' का होतं?

कारण सांगणारा दुसऱ्या दिवशी, दुसऱ्या जागी उभा आहे. 'ही सेड, आय विल कम टुमॉरो' हे त्यानं सोमवारी म्हटलं आणि तुम्ही शुक्रवारी सांगताय. त्याचा 'टुमॉरो' मंगळवार होता. तुमचा शनिवार आहे. म्हणून 'ही सेड दॅट ही वुड कम द नेक्स्ट डे.' तसंच 'नाऊ'चं 'देन', 'अगो'चं 'बिफोर', 'यस्टरडे'चं 'द डे बिफोर', 'टुडे'चं 'दॅट डे'. तक्ता पाठ करण्यापेक्षा, आता मोजणी कुणाच्या 'आज'पासून चालली आहे हे विचारा. आणि एक अपवाद ध्यानात ठेवा: त्याचं बोलणं तुम्ही त्याच दिवशी सांगत असाल, तर 'टुमॉरो' तसाच ठेवणं बरोबर आहे, कारण तुमचा आणि त्याचा उद्या एकच आहे. परीक्षेत मात्र तारीख दिलेली नसते, तिथे बदलावाच.

'परवा'ला इंग्रजीत एक शब्द आहे का?

आज वापरात असलेला नाही. मराठीत 'परवा' दोन्ही दिशांना चालतो आणि गेला की यायचा, ते क्रियापद ठरवतं: 'परवा आला', 'परवा येईल'. इंग्रजीत पूर्ण सांगावं लागतं: 'द डे बिफोर यस्टरडे' किंवा 'द डे आफ्टर टुमॉरो'. 'परवाच तर भेटलो' मधला सैल 'परवा' म्हणजे 'द अदर डे'.

'टुडे मॉर्निंग', 'यस्टरडे नाइट', 'प्रीपोन' हे वापरावेत का?

'आज सकाळी'ला 'धिस मॉर्निंग', 'काल रात्री'ला 'लास्ट नाइट'. पण 'यस्टरडे मॉर्निंग' आणि 'टुमॉरो मॉर्निंग' बरोबर आहेत, त्यामुळे गोंधळ होणं स्वाभाविकच. 'प्रीपोन' (ठरलेली वेळ अलीकडे आणणं) हा भारतीय इंग्रजीत रुजलेला, सोयीचा शब्द आहे आणि आता नामवंत इंग्रजी शब्दकोशांतही त्याची नोंद आहे. भारतातल्या सहकाऱ्यांना बिनदिक्कत लिहा. परदेशी ग्राहकाला 'वी हॅव मूव्ह्ड द मीटिंग फॉरवर्ड टू टेन ओक्लॉक' असं, नवी वेळ घालून लिहावं.

'नेक्स्ट फ्रायडे' म्हणजे येता शुक्रवार की त्याच्या पुढचा?

बुधवारी कुणी 'नेक्स्ट फ्रायडे' म्हणालं, तर काहींच्या मते तो परवाचा शुक्रवार असतो आणि काहींच्या मते पुढच्या आठवड्यातला. इंग्रजी मातृभाषा असलेल्यांतही यावर एकमत नाही. 'धिस फ्रायडे' म्हणजे येता, हे बहुतेकांना मान्य आहे. पुढच्याला ब्रिटनमध्ये 'फ्रायडे वीक' असंही म्हणतात. 'बायवीकली'चंही तसंच, आठवड्यातून दोनदा आणि दोन आठवड्यांतून एकदा, असे दोन्ही अर्थ शब्दकोशात आहेत. त्याऐवजी 'ट्वाइस अ वीक' किंवा 'एव्हरी टू वीक्स' लिहावं, आणि शुक्रवारच्या शेजारी तारीख घालावी.